देवाला माहीत होतं, मग भावाला थांबवलं का नाही?

जय ख्रिस्त ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते, नाव-गाव बाजूला ठेवून. ताई भुसावळकडच्या. धाकटा भाऊ सावद्याकडे पिकअप चालवायचा, केळीची भाडी मारायचा. मे महिन्यात त्याला शनिवारी सकाळी धुळ्याला माल घेऊन जायचं होतं पण रविवारी ताईंच्या मुलीचा बाप्तिस्मा होता, म्हणून ताईंनी फोन करून सांगितलं की शुक्रवारी रात्रीच जाऊन ये म्हणजे शनिवारी घरात हाताखाली असशील. फोनवरच त्याच्या प्रवासासाठी प्रार्थना केली. तो निघाला, हायवेवर टेललाईट नसलेला ट्रेलर अंधारात उभा होता आणि पिकअप मागून घुसली, तो जागेवरच गेला. मागे वहिनी, सहा वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी. सांत्वनाच्या सभेत जो तो म्हणाला देवाची योजना होती. वडील म्हणतात देवानेच ठरवलेलं होतं तर केस कशाला करायची. भाचा विचारतो देवाला माहीत होतं ना, मग त्याने पप्पांना सांगितलं का नाही. आणि ताईंचा स्वतःचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "देवाला सगळं आधीच माहीत असतं आणि सगळं त्याच्याच हातात असतं, तर माझी प्रार्थना कशासाठी होती, आणि तो फोन मी केला की देवाने माझ्याकडून करवून घेतला?"

ताई, आधी त्या फोनचं बोलू. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री मोबाईल उघडून कॉल लॉगमधली ती एंट्री बघता, रात्री आठ चाळीस, दोन मिनिटं काही सेकंद, आणि मग झोप लागत नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथेच अडकलाय, सर्वज्ञ आणि सार्वभौम हे शब्द त्याच्या मागून आलेत. म्हणून शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक असा भाग सांगते जो सांत्वनाच्या सभेत सहसा कोणी वाचत नाही.

१ शमुवेल २३. कईला नावाचं गाव, पलिष्टी येऊन तिथली खळी लुटत होते, दावीदाने जाऊन गाव वाचवलं आणि तिथेच मुक्काम केला. मग कानावर आलं की शौल राजा त्याला धरायला तिकडे यायची तयारी करतोय. दावीद एफोद, म्हणजे देवाचा कौल घ्यायला वापरायचं याजकाचं वस्त्र, मागवतो आणि देवाला सरळ विचारतो, शौल इथे येईल का? देव म्हणतो, येईल. बरं मग हे गाववाले मला त्याच्या हातात देतील का? देव म्हणतो, देतील. हे ऐकून दावीद आपली सहाशेच्या आसपास माणसं घेऊन निघून जातो, शौलाला कळतं की तो निसटला आणि तो यायचं रद्द करतो. आता बघा, शौल आलाच नाही, गाववाल्यांनी कोणाला हातात दिलंच नाही, म्हणजे देवाने जे सांगितलं ते घडलंच नाही, आणि तरी ते खोटं नव्हतं, कारण दावीद थांबला असता तर तसंच झालं असतं. देवाला जे घडतं तेवढंच माहीत असतं असं नाही, जे घडलं असतं तेही माहीत असतं. प्रत्येक जर-तरचा पूर्ण हिशोब त्याच्याकडे आहे.

आणि ताई, तुम्ही चार महिन्यांपासून नेमका तोच हिशोब एकटीने मांडत बसलाय. मी फोन केला नसता तर तो सकाळी गेला असता, सकाळी गेला असता तर वाचला असता. पहिलं वाक्य तुम्हाला माहीत आहे, दुसरं माहीत नाहीये. शनिवारी सकाळी त्या रस्त्यावर काय झालं असतं हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही, ट्रेलरवाल्याला नाही. दावीदाला सुद्धा कईलाचं उत्तर स्वतःला माहीत नव्हतं, त्याला विचारावं लागलं, आणि देवाने तेव्हा सांगितलं म्हणून कळलं. तुम्हाला शुक्रवारी रात्री आठ चाळीसला काय ठाऊक होतं? भाऊ धडधाकट आहे, गाडी बरी आहे, उन्हाळ्यात केळीची गाडी रात्रीची निघते यात नवीन काही नाही, घरात रविवारी कार्यक्रम आहे आणि भाऊ सोबत हवाय. एवढ्या माहितीवर कुठलीही बहीण तोच फोन करेल. अनुवाद २९:२९ मधे म्हटलंय की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत आणि प्रगट केलेल्या आपल्या. तो 'जर' गुप्त गोष्टींमधला आहे, तो तुमच्याकडे दिलेलाच नाही, आणि तुम्ही तो उचलून रोज रात्री उशाशी घेऊन झोपताय.

मला वाटतं देव सर्वज्ञ आहे या शिकवणीचा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे. लोकांनी ती तुमच्यासमोर अशी मांडली की ती तुमच्यावर पडली, पण खरं तर ती तुमच्यावरचं ओझं काढणारी आहे, कारण तिचा अर्थ असा की ती रात्र कोणाला तरी पूर्ण कळलेली आहे आणि ते कोणीतरी तुम्ही असायची गरज नाही.

अजून एक, आणि हे मला घाईने सांगावंसं वाटतंय. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की मुलीचा बाप्तिस्मा पुढे ढकलला तो राहूनच गेला, आणि आता ती म्हणते मला नकोच. चौदा वर्षांची आहे ती. तुम्ही घरात जेव्हा म्हणता की मी तो फोन केला नसता तर, तेव्हा ती पोरगी पुढचं वाक्य मनात पूर्ण करते: आणि फोन का केला, तर माझ्या बाप्तिस्म्यासाठी. तिला जवळ बसवा आणि स्पष्ट सांगा की मामा तुझ्यामुळे गेला नाही. अंदाजाने तिला कळेल असं धरून चालू नका, तोंडाने सांगा, आणि बाप्तिस्म्याचा विषय तिच्यावर सोडा, तिला वाटेल तेव्हा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, फोन मी केला की देवाने करवून घेतला. फोन तुम्ही केला, तुमच्या मनाने, मायेने. माहीत असणं आणि करायला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहाव्या शतकात बोएथियस नावाचा एक ख्रिस्ती विचारवंत होता, रोमचा मोठा अधिकारी, राजद्रोहाचा आरोप ठेवून त्याला तुरुंगात टाकलं आणि ५२४ च्या सुमारास मारलं. तो मरणाची वाट बघत असताना याच प्रश्नावर लिहीत होता, म्हणजे हवेतलं तत्त्वज्ञान नव्हतं त्याचं. तो म्हणतो, समोर एक माणूस बसलेला मला दिसतोय तर तो बसलेला आहे हे पक्कंच आहे, पण माझ्या बघण्यामुळे तो बसलेला नाही. आणि देव आपल्यासारखा आज उभा राहून उद्याकडे बघत नाही, काल-आज-उद्या त्याच्यापुढे एकदमच आहे, त्यामुळे त्याचं आधीपासून माहीत असणं हे खरं तर बघणं आहे.

इथवर बरेचसे ख्रिस्ती विचारवंत कमीजास्त फरकाने एकत्र असतात, पुढे वाद आहेत आणि ते चारशे-साडेचारशे वर्षं चाललेत. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या विचाराचे लोक म्हणतात देव नुसता बघत नाही, ठरवतोही, डच धर्मपंडित आर्मिनियस म्हणाला तसं नाही, माणूस काय निवडेल ते देवाला आधी कळतं आणि त्याप्रमाणे तो वागतो, त्यावर हॉलंडमधे १६१८-१९ ला डोर्टची मोठी सभा भरली आणि आर्मिनियसच्या बाजूचे लोक हरले, तर त्याच्या आधीच मोलिना नावाच्या स्पॅनिश जेसुइटाने, म्हणजे एका कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, १५८८ मधे मांडलं होतं की देवाला प्रत्येक 'जर'चं ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाने तो जग चालवतो, आणि कईलाचा भाग त्या बाजूचे लोक नेहमी पुढे करतात. आपल्या खान्देशातच बघा ना, अलायन्स मिशनच्या मंडळ्या, नवापूर-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन मिशनमधून उभ्या राहिलेल्या, कॅथलिक, पेंटेकोस्टल, प्रत्येक पाळकाचं उत्तर थोडं वेगळं येईल. पण एक लक्षात घ्या, यातल्या सगळ्यात कडक बाजूने सुद्धा, म्हणजे १६४० च्या दशकात इंग्लंडमधे लिहिलेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने, देव सगळं ठरवतो असं लिहिताना त्याच दमात लिहिलंय की देव पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. तुम्ही देवाच्या हातातली बाहुली होता असं कोणीच म्हणत नाहीये.

आता लाजर आणि त्याच्या बहिणींच्या बेथानी गावाला चला, योहान ११. तुम्ही बहीण आहात म्हणून मुद्दाम हाच अध्याय. लाजर आजारी पडतो, बहिणी येशूकडे निरोप पाठवतात, येशू ऐकतो आणि जिथे असतो तिथेच दोन दिवस राहतो. पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि पहिलं वाक्य काय बोलते, प्रभूजी आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते, त्याच्या पाया पडते, आणि तीही शब्दाला शब्द तेच म्हणते. म्हणजे त्या चार दिवसांत दोघी बहिणी घरात बसून हेच एकमेकींना बोलत असणार, हा असता तर, हा असता तर. ताई, हा तुमचाच 'जर' आहे, फक्त त्यांनी तो स्वतःवर घेतला नाही, सरळ नेऊन येशूच्या तोंडावर ठेवला. आणि तो रागावला का? अविश्वासी म्हणाला का? अजिबात नाही. मार्थेशी तो बोलला, मरीयेला रडताना पाहून कबर कुठे आहे विचारलं, आणि रडला.

रडला कधी ते बघा. लाजराला उठवायला आपण जातोय हे त्याने निघण्याआधीच शिष्यांना सांगितलेलं होतं. थोड्याच वेळाने तो माणूस चालत बाहेर येणार हे पूर्ण माहीत असताना तो रडला. तेव्हा "देवाला माहीत होतं" म्हणजे "देवाला त्याचं काही वाटलं नाही" असा जो अर्थ तुमच्या मनात बसलाय तो प्रभूच्या स्वतःच्या वागण्यात बसत नाही. मला माहितीये की लाजर परत आला आणि तुमचा भाऊ आला नाही. ते मी गोड बोलून झाकणार नाही. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानाची आहे आणि ती मी मनापासून धरते, पण तुमच्या वहिनीला आज रात्री दोन लेकरं एकटीनेच झोपवायचीयेत हेही तितकंच खरं आहे.

म्हणून सांत्वनाच्या सभेतल्या त्या वाक्याबद्दल मला राग येतो. "देवाची योजना होती." वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणत नाहीये, उत्पत्ती ५०:२० मधे योसेफ जवळपास तेच म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं. पण कोण म्हणतंय आणि कधी ते बघा! सतराव्या वर्षी भावांनी विकलेला माणूस, मधे गुलामी, खोटा आळ, तुरुंग, मग दुष्काळ, भावांची भेट, वडिलांचं मरण, आणि जवळपास चाळीस वर्षांनी तो स्वतःच्या तोंडाने ते म्हणतो. तो विहिरीत ओरडत होता तेव्हा काठावर उभं राहून त्याला हे कोणी सांगितलं असतं तर ते क्रूरपणाचं झालं असतं. पंडिता रमाबाईंचं घ्या, आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत तोच १८८२ मधे नवरा कॉलऱ्याने, आणि १९२१ मधे एकुलती एक मुलगी मनोरमा, आणि ही बाई स्वतः १९२२ मधे जाईपर्यंत शास्त्राचं मराठी भाषांतर करत होती. अशा माणसाने देवाच्या योजनेबद्दल काही म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकेन. मातीला आलेल्या आणि चहा घेऊन घरी गेलेल्या माणसाने म्हटलं तर नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तेच त्यांचं चांगलं काम, बोलायला लागले आणि बिघडलं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच चिडला की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत.

शेजारच्या आजी म्हणाल्या ना, सटवाईने लिहिलेलं कोण पुसणार. त्यांनी मायेनेच म्हटलं, त्यांच्याशी वाद घालू नका. पण आपल्या मंडळीतली माणसंही शब्द बदलून तेच बोलतात, आणि ते ख्रिस्ती शिक्षण नाहीये. कपाळावरचं लिहिलेलं कोणाचं ऐकत नाही. यशया ३८ मधे हिज्कीया राजाला देवाचाच निरोप येतो की घरची व्यवस्था लाव, तू मरणार आहेस. तो भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडतो, आणि देव म्हणतो मी तुझी प्रार्थना ऐकली, तुझे अश्रू पाहिले, आणि पंधरा वर्षं वाढवून देतो. सार्वभौम देव म्हणजे ज्याच्याशी बोलता येतं असा देव.

मग माझ्या प्रार्थनेचं काय झालं, असं तुम्ही म्हणाल. मत्तय ६:८ मधे प्रभू म्हणतो तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत आहे. आपल्याला वाटतं पुढचं वाक्य असेल, म्हणून मागू नका. पुढच्याच वचनात तो म्हणतो, म्हणून अशी प्रार्थना करा, आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' शिकवतो. माहीत आहे म्हणूनच बोला, असा त्याचा क्रम आहे. तुमची फोनवरची प्रार्थना देवाला बातमी द्यायला नव्हती, ती तुमच्या भावाने ऐकलेली बहिणीची माया होती आणि ती देवानेही ऐकली. उत्तर असं का आलं हे मी सांगू शकत नाही, कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. एवढं सांगते की क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत पुत्राने, म्हणजे येशूने, स्वतः मागितलं होतं, हा प्याला माझ्यापासून टळो, आणि टळला नाही. न मिळालेल्या प्रार्थनेच्या जागी तो स्वतः उभा राहिलेला आहे. आणि मत्तय १० मधली चिमणी, तिच्याबद्दल तो असं म्हणत नाही की ती पडणारच नाही, म्हणतो की पित्याशिवाय पडत नाही. मला एके काळी हे वचन अपुरं वाटायचं. आता वाटत नाही.

तुम्ही लिहिलंय उपासनेला जाते पण गीत म्हणताना तोंड उघडत नाही. नका उघडू. बसा नुसत्या. घरी स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी आभारस्तुतीची एक ओळ सुद्धा नाही, आणि ते शास्त्रात आहे. तेवढं देवाला चालतं.

भाच्याला काय सांगायचं. खोटं सांगू नका. देवाला चांगली फुलं आवडतात म्हणून त्याने पप्पांना नेलं, असलं काही अजिबात नको, सहा वर्षांचं पोर त्यावरून एवढंच शिकतं की चांगलं वागलं की देव उचलून नेतो. त्याला म्हणा: हो, देवाला माहीत होतं. त्याने का सांगितलं नाही ते आत्याला पण माहीत नाही. येशूचा मित्र मेला तेव्हा येशू पण रडला होता. तू देवाला स्वतः विचारू शकतोस, रागाने विचारलंस तरी चालतं. बास. तो परत विचारेल, परत हेच सांगा.

राहिले वडील. त्यांचं दुःख मोठं आहे, लेकाला माती दिलीये त्यांनी, म्हणून आवाज न चढवता बोला, पण बोला. प्रेषितांची कृत्ये २:२३ त्यांच्यासमोर उघडा. पेत्र एकाच वाक्यात म्हणतो की येशू देवाच्या ठाम योजनेने आणि पूर्वज्ञानाने स्वाधीन केला गेला, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारलंत. एकाच वाक्यात दोन्ही! देवाची योजना होती म्हणून मारणाऱ्यांचा गुन्हा माफ झाला असं तो म्हणत नाही. तसंच हायवेवर विनालाईटचा ट्रेलर उभा करणाऱ्याची जबाबदारी देवाच्या नावाखाली पुसली जात नाही, आणि वहिनीच्या लेकरांच्या हक्काचे पैसे सोडून देणं ही भक्ती नाही. नहेम्या ४:९ मधे लोकांनी प्रार्थना केली आणि पहाराही ठेवला. दोन्ही केलं.

आणि याला वेळ कमी आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीये आणि तुमचे चार महिने गेलेत. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, जिथे अपघात झाला तिथलंच पाहिजे असं नाही, वारसदार राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, म्हणजे धुळ्याच्या चकरा माराव्या लागणार नाहीत. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, त्याचं लायसन्स, पिकअपचे पेपर आणि विमा, आणि भाड्याच्या पावत्या किंवा बँकेचं पासबुक, कमाई दाखवायला, एवढं एका फाईलमधे गोळा करा आणि या आठवड्यातच अपघाताच्या केसेस बघणारा वकील गाठा. वहिनीला सोबत घेऊन जा, अर्ज तिच्या आणि मुलांच्या नावाने होईल, आई-वडिलांचंही नाव त्यात लागतं, त्यामुळे वडिलांशी बोलणं आधी उरका.